झाकणावरची मुंगी

आमच्या आईला कान होता. गाण्याचा नव्हे. ती गायला लागली की ओट्याखालचं कुत्रं उठून दुसऱ्या गल्लीत जायचं. तिचा कान होता तो खाऊचा. बंद डबा समोर कुणी खुळखुळवला की आत काय आहे ते ती सांगायची, आणि नुसतं 'शेंगदाणे' म्हणून थांबायची नाही. "शेंगदाणे आहेत, जरा जास्त भाजलेत," म्हणायची. डबा उघडला की शेंगदाणेच निघायचे आणि त्यांच्यावर काळे डाग असायचे. ज्या घरचा डबा असेल त्या घरच्या बाईचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा व्हायचा.

हा गुण कामाला यायचा तो भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत. त्या महिन्यात आमच्या जळगावात मुली घरोघर गुलाबाई बसवायच्या. मातीची गुलाबाई, शेजारी तिचा गुलोजी, पुढं ज्वारीची ताटं बांधलेला मखर. संध्याकाळ झाली की आम्ही सगळ्या जणी टिपऱ्या घेऊन निघायचो आणि एकेका घरी गाणी म्हणायचो. गाणी संपली की खाऊ ओळखायचा. एक मुलगी डबा धरणार, दुसरी खुळखुळवणार, बाकीच्यांनी आळीपाळीनं सांगायचं. जी ओळखेल तिनं पहिला घास खायचा, मग सगळ्यांना वाटप. कुणालाच नाही आलं तर डबा न उघडता घरात परत जायचा. हा मुलींचा खेळ. बायांनी मागं बसून नुसतं ऐकायचं असं होतं, पण आईला ते जमायचं नाही. ती पदर तोंडात धरून बसायची आणि शेवटी पदरातूनच बोलून जायची. मला तिची लाजही वाटायची आणि मिरवायलाही आवडायचं.

मी सांगतेय ती गोष्ट साठच्या दशकाच्या अखेरीची आहे. मी सातवीत होते. परवा नातीसाठी कुणी तरी चित्रांचं पुस्तक आणलं, त्यात प्रत्येक पानावर पुठ्ठ्याची खिडकी. ती उघडली की आत काही तरी लपलेलं. मुलगा म्हणाला, "बघ आई, आता किती डोकं लढवतात." मी म्हटलं, "बस खाली, तुला सांगते."

आमच्या गल्लीत एका मारवाडी शेठचं कापडाचं दुकान होतं आणि दुकानामागंच घर. शेठाणीला आम्ही भाभी म्हणायचो. भाभींनी आपल्या मुलासाठी मुलांचं एक मराठी मासिक लावलं होतं, ते मुंबईहून टपालानं यायचं. मुलगा त्याला हात लावायचा नाही, त्याला गोट्या बऱ्या वाटायच्या. त्यामुळे अंक आला की भाभींच्या ओट्यावर आम्ही मुलीच त्याच्यावर तुटून पडायचो. भाभींना मराठी वाचायला फारसं यायचं नाही, पण त्या चित्रं बघायला आमच्यात येऊन बसायच्या.

गोष्टी आम्ही एकदाच वाचायचो. चित्रं मात्र महिनाभर पुरायची. आतली पानं एकाच शाईत छापलेली, कधी निळ्या तर कधी विटकरी. मुखपृष्ठावर तीन-चार रंग असायचे, पण ते कधी कधी एकमेकांवरून सरकायचे आणि राजकन्येचे ओठ तिच्या गालावर यायचे. चित्रकाराचं नाव बारीक अक्षरात कुठं तरी असायचं, नाही तर नसायचंच. म्हणून आम्हीच त्यांना नावं दिली होती. एक गालवाला. त्याच्या चित्रात सगळ्यांचे गाल पेरूसारखे, राक्षसाचेसुद्धा. तो मला मुळीच आवडायचा नाही. दुसरा बिनमानेचा. त्याच्या माणसांची डोकी थेट खांद्यावर ठेवलेली, आणि तरी त्यातला प्रत्येक माणूस कुठं तरी पाहिल्यासारखा वाटायचा. आणि तिसरा मुंगीवाला.

मुंगीवाल्याच्या प्रत्येक चित्रात कुठं तरी एक मुंगी असायची. राजाच्या मिशीवर धोबी धोतरं वाळत घालतोय आणि मिशीच्या टोकावर मुंगी. शेठजी गादीवर झोपलेत, त्यांची सावली मात्र उठून पळत सुटलीय आणि तिच्या टाचेशी मुंगी. शेवटच्या पानावर तो दर महिन्याला एक बंद वस्तू काढायचा. आत काय आहे ते आपण ओळखायचं, उत्तर पुढच्या अंकात. एकदा त्यानं काढली होती एक पेटी, पेटीखाली पाण्याचं थारोळं, आणि बाजूला छत्री उघडून बसलेलं मांजर. आम्ही महिनाभर भांडलो. मासा, बर्फ, फुटकी घागर, काय काय सांगितलं. पुढच्या अंकात पेटी उघडली तर आत घडी घालून ठेवलेला ढग होता. मला अजून तो ढग दिसतो, इस्त्री केल्यासारखा. पुढं कित्येक वर्षांनी मला त्या चित्रकाराचं खरं नाव कळलं आणि जरा हिरमुसल्यासारखंच झालं. शेजारच्या काकांचं असावं तसं साधं नाव होतं ते.

शाळेत चित्र म्हणजे दोन डोंगर, मधून सूर्य, खाली नदी, नारळाचं झाड आणि उतरत्या कौलांचं घर. आमच्या वर्गात नारळाचं झाड कुणी पाहिलेलं नव्हतं. आमची घरं सपाट धाब्याची, उन्हाळ्यात त्याच धाब्यावर आम्ही झोपायचो आणि ज्वारीच्या पापडांसारखे बिबडे वाळत घालायचो. पण कागद पुढं आला की हात आपोआप कौलं काढायचा. घर असंच असतं अशी आमची खात्री होती. आपण राहतो ते घर नाहीच जणू.

त्या वर्षी पावसाळ्यात गल्लीच्या टोकाला एक नवं बिऱ्हाड आलं. वडील टपाल खात्यात, बदली होऊन धुळ्याहून आलेले. मुलगी माझ्याच वर्गात बसली. सर्वांनी तिला धुळ्याची म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव पडलं. शाळेत ती आमच्यासारखी बोलायची, घरात आणि चिडली की अहिराणीत. पहिल्याच चित्रकलेच्या तासाला तिनं सपाट धाबं काढलं, धाब्यावर खाट, खाटेवर बिबडे आणि ते चोरायला आलेला कावळा, त्याच्या पायात पैंजण. बाईंनी विचारलं, "पैंजण कशाला गं?" ती म्हणाली, "आवाज यावा म्हणून, नाही तर आईला कळणार कसं?" वर्ग हसला. मी हसले नाही. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या, कारण तोवर वर्गात चित्र चांगलं म्हणजे माझं.

कानामागून आली आणि तिखट झाली, पण तिच्यावर फार दिवस रागावता यायचं नाही. मी तिला भाभींच्या ओट्यावर नेलं आणि मुंगीवाला दाखवला. तिनं एकामागून एक सगळे जुने अंक पाहिले. मग पेटीतल्या ढगावर बोट ठेवून म्हणाली, "गुलाबाईच्या डब्यांना असं करू."

तर असा तो खेळ सुरू झाला. नुसता डबा खुळखुळवायचा नाही, झाकणावर चित्र काढून चिकटवायचं आणि ते बघून ओळखायचं. कागद भाभी द्यायच्या. साड्यांच्या घडीत पांढरे पुठ्ठे येतात ते त्यांनी आमच्यासाठी ठेवायला सुरुवात केली. रंग आम्ही केले. हळद, कपड्यांची नीळ, काव, कोळसा, आणि मायाळूच्या पिकल्या फळांचा जांभळा रस, जो बोटांवरून दोन दिवस जायचा नाही. कुंचला म्हणजे चावून मऊ केलेली निंबाची काडी. चिकटवायला कणकेची खळ.

पहिलं झाकण माझं. घरात शेंगदाणे-गूळ होते, मी शेंग काढली. सुरेख काढली होती, टरफलावरच्या जाळीसकट. धुळ्याचीनं ते पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "डब्यामा तेच शे ना? मंग झाकनवर कसाले काढं?"

मी चिडले, पण ते वाक्य डोक्यात बसलं. डब्यात जे आहे ते झाकणावर कशाला. पुढं आयुष्यात मला चित्राबद्दल पुष्कळ शहाण्या माणसांनी पुष्कळ काही सांगितलं, त्यातलं इतकं कामाचं फारसं काही निघालं नाही.

तिची झाकणं कशी असायची ते सांगते. एक म्हातारी रस्त्याच्या कडेला गालाला हात लावून बसलीय आणि तिचे दात चपला घालून पुढं पळताहेत. आत फुटाणे. एक पोपट आरशासमोर बसून टाचणीनं दात कोरतोय. पोपटाला दात कुठून आले हे विचारायचं नाही. आत पेरू. बारीक बारीक माणसांचा एक घोळका, सगळ्यांनी एकमेकांना इतकी घट्ट मिठी मारलीय की त्यांचा गोल झालाय. आत राजगिऱ्याचा लाडू. आणि प्रत्येक झाकणावर कुठं तरी मुंगी. आधी मुंगी शोधायची, मग खाऊ, असा आमचा नेम झाला.

आणि एकदा तिनं आईला हरवलं. झाकणावर धोतर नेसलेला एक माणूस हवेत आडवा तरंगतोय, टोपी अजून जमिनीवर आहे आणि दुकानदार पोट धरून हसतोय. बस्, एवढंच. डबा खुळखुळवला तर आवाज नाही. आईनं पदर काढला, पुन्हा तोंडात घातला. कुणालाच आलं नाही. डबा परत गेला आणि दुसऱ्या दिवशी कळलं की आत केळी होती. जळगावात राहून, जिथं ट्रकच्या ट्रक केळी दारावरून जातात तिथं राहून, आईला केळं ओळखू आलं नाही. दोन दिवस तिनं कुठल्याच डब्याला कान लावला नाही. तिसऱ्या दिवशी मला म्हणाली, "आपल्या डब्याचं झाकण तिच्याकडूनच काढून घे."

तोवर सगळ्या गल्लीला तेच हवं होतं. प्रत्येक घरी आपला डबा कुणाला ओळखू येऊ नये ही ईर्षा. त्यामुळे धुळ्याचीला रोज दुपारी बोलावणं. ती आमच्या ओट्यावर बसायची, आई तिच्यासमोर वाटीत हळद कालवून ठेवायची, "नीळ पुरेल ना?" म्हणून विचारायची, आणि झाकण तयार झालं की कौतुकानं हातात घेऊन आत जायची.

आता जे सांगायचं ते सांगतेच. धुळ्याचीचं घर बौद्ध. भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, देव्हारा नव्हता. गुलाबाई ते बसवत नव्हते. तिच्या वडिलांना मी एकदा विचारलं की तिनं आमच्यात यावं की नाही, तर ते हसून म्हणाले, "देव आम्ही सोडले बेटा, खेळ नाही सोडला." तेव्हा ती आमच्यात यायची, टिपऱ्या आमच्याहून चांगल्या वाजवायची. जात कुणी तोंडावर काढत नव्हतं. गल्ली तशी सभ्य. पण खाऊ वाटताना आमच्या हातात तो ठेवला जायचा आणि तिच्या हातात वरून पडायचा. भाभींकडे जैन रीत, सूर्य मावळायच्या आत खाणं आटोपायचं, म्हणून त्यांच्या घरी आम्ही सगळ्यांत आधी जायचो. तिथंही तसंच. आमच्या घरीही तसंच. तिनं काढलेलं झाकण आई नुसत्या हातानं घ्यायची, आणि तिच्या ओंजळीत शंकरपाळे मात्र वीतभर उंचावरून टाकायची.

धुळ्याचीला हे दिसत नव्हतं असं नाही. तिनं एकदाच मला सांगितलं, तेही रंग कालवता कालवता. तिला एक डबा आपल्या घरचा आणायचा होता. आपल्या आईनं केलेला खाऊ, आणि तो सगळ्यांनी ओळखून खायचा. बाकी तिला काही नको होतं. बक्षीस नको, शाबासकी नको. "मन्ही मायनी गुडीशेव तू खाईसन देख," म्हणाली. गुडीशेव म्हणजे आमच्याकडची जाड शेव, गुळाच्या पाकात घोळवलेली. पाक साधला तर तिच्यासारखं दुसरं काही नाही.

कोजागिरीच्या दिवशी रीत अशी होती की सगळ्या घरचे डबे भाभींच्या ओट्यावर यायचे, ते ओळखून संपवायचे आणि मग गुलाबाई बोळवायची. धुळ्याचीनं सांगून टाकलं की त्या दिवशी आपल्याही घरचा डबा येईल. नाही कोण म्हणणार? महिनाभर सगळ्यांनी तिच्याकडून झाकणं रंगवून घेतली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर बायांनी मार्ग काढला. कोपऱ्यावरच्या काकू म्हणाल्या, "नाही कशाला म्हणायचं? मुलींना सांगून ठेवा, ओळखू नका. नाही ओळखलं की डबा जातोच परत. कुणाचा अपमान नाही, काही नाही." साप मरावा आणि काठी मोडू नये, असा तो बेत. मी घागर धरून तिथंच उभी होते. आईनं नळाखालची कळशी उचलली. घरी आल्यावर म्हणाली, "तिचा डबा आला की मूग गिळून बसायचं."

"का?"

"का म्हणजे का."

"झाकण चालतं, मग डबा का नाही?"

आई पोळ्या लाटत होती. तिनं लाटणं थांबवलं आणि माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं आता ते लाटणं पाठीत बसणार. पण तिनं पुन्हा पोळी लाटायला घेतली, आणि ती पोळी तव्यावर करपली. आईची पोळी करपलेली मी त्याआधी पाहिली नव्हती.

मी तडक धुळ्याचीकडे गेले आणि सगळं सांगून टाकलं. पोटात ठेवणं मला कधी जमलंच नाही. तिनं ऐकून घेतलं. रडली नाही. नंतर म्हणाली, "मग सोपं काढते. इतकं सोपं की नाही आलं असं कुणाला म्हणताच येऊ नये." मी म्हटलं, "मी ओळखणार नाही. मी तुझा डबा खुळखुळवणार." कारण मी ओळखलं असतं तर सगळे म्हणाले असते, मैत्रीण आहे म्हणून.

कोजागिरीला भाभींच्या ओट्यावर सगळी गल्ली जमली. भाभींचा डबा उजेड होता तेव्हाच संपला. मग एकेक झाकण पुढं येत गेलं, त्यातली बहुतेक तिचीच. हशा झाला, भांडणं झाली, खाऊ संपला. दिवे लागले. सगळ्यांत शेवटी धुळ्याची उठली, डबा माझ्या हाती दिला आणि झाकण सर्वांना दिसेल असं धरायला सांगितलं. तिची आई गल्लीच्या टोकाला आपल्या दारात उभी होती, डोक्यावरचा पदर सारखा करत. ओट्यापर्यंत ती आली नव्हती.

झाकणावर गुडीशेव होती. ना पोपट, ना म्हातारी. नुसती गुडीशेव, ताटलीत ढीग केलेली, पाकाच्या चकाकीसकट. हळद आणि काव यांतून तिनं तो गुळाचा रंग कसा काढला ते मला आजही कळलेलं नाही. महिनाभर जे तिनं कुणालाही काढू दिलं नव्हतं ते तिनं काढलं होतं, डब्यात जे आहे तेच झाकणावर. आणि मुंगी या वेळी लपलेली नव्हती. ढिगाच्या अगदी वर बसून ती खात होती.

मी डबा खुळखुळवला. पहिल्या मुलीनं खाली बघून सांगितलं, "दगड." कुणी तरी फिसकन हसलं. दुसरी म्हणाली, "खिळे." तिसरी म्हणाली, "नारळाचं झाड." चौथी कोपऱ्यावरच्या काकूंची मुलगी. तिनं आईकडे पाहिलं आणि म्हणाली, "मला नाही येत." अशा सगळ्या मुली झाल्या. प्रत्येकीच्या समोर दिव्याच्या उजेडात ती गुडीशेव होती, आणि प्रत्येकीला ती येत नव्हती. धुळ्याची माझ्याशेजारी ताठ उभी होती.

रीतीप्रमाणे डबा परत पाठवायच्या आधी एकदा शेवटचं खुळखुळवायचं असतं. मी खुळखुळवला, रागानं, इतक्या जोरात की खडखडाट झाला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते मला कुणाला दिसू द्यायचं नव्हतं, म्हणून मी आईकडे बघितलं नाही. मला फक्त तिचा आवाज आला.

"गुडीशेव आहे," आई म्हणाली. "आणि पाक पुढं गेलाय."

मग काकू म्हणाल्या, "अहो, मोठ्या बायांनी ओळखायचं नसतं."

"बरं, उद्यापासून नाही ओळखणार," आई म्हणाली. उद्या गुलाबाई नव्हतीच.

ती उठली. ओळखणारीनं पहिला घास खायचा असतो. ओट्यावर आली, माझ्या हातून डबा घेतला आणि झाकण काढलं. ते तिनं नीट, चित्र वर करून, भाभींच्या पायरीवर ठेवलं. मग शेवेचा एक तुकडा उचलला आणि तोंडात टाकला. पाक खरंच पुढं गेला होता. तो तुकडा तिच्या दाताखाली फुटल्याचा आवाज सगळ्या गल्लीनं ऐकला. ती चावत राहिली, अगदी सावकाश, दुसऱ्या कुठल्याही घरचा खाऊ चावावा तशी. आणि मग टोकाच्या दाराकडे बघत, जरा मोठ्यानं म्हणाली, "आच जास्त झाली का हो?"

धुळ्याचीची आई दारातून निघाली आणि ओट्यापर्यंत आली. तिचा चेहरा रडवेला होता की हसरा, ते मला कळलं नाही. म्हणाली, "हां बाई. पोरनं चित्र देखामा मन्हं ध्यान गयं."

"थेंबभर पाक पाण्यात टाकून बघायचा," आई म्हणाली. "गोळी वळली की लगेच उतरवायचा, वाट बघायची नाही."

"मी तसंच करस. आज इसरनू."

दोघी पाकाबद्दल बोलत राहिल्या. मी शेव खाल्ली, धुळ्याचीनं खाल्ली, दगड म्हणणारीनं खाल्ली, खिळे म्हणणारीनंही. काकू मुलीला दंडाला धरून घरी घेऊन गेल्या, आणखी दोन-तीन घरं त्यांच्यामागं गेली. पुढं कित्येक दिवस नळावर आई आली की बाया बोलायच्या थांबायच्या. भाभींनी मूठभर शेव पदरात बांधून घेतली आणि म्हणाल्या, "सूरज डूब गया, सुबह खाऊंगी." सकाळी त्यांनी खाल्ली की नाही मला माहीत नाही. खाल्ली असं मी धरून चालते.

आई त्या दिवशी का बोलली हे मी तिला कधी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी तिनं 'का म्हणजे का' असंच म्हटलं असतं. कानाला राहवलं नाही म्हणावं, तर झाकण समोर असताना कानाचं काम तरी काय होतं.

दोन वर्षांनी त्यांची बदली परत धुळ्याला झाली. सामान गेल्यावर मी भाभींच्या ओट्यावर जाऊन बसले तर मासिकाचा नवा अंक आलेला होता. मुंगी मला एकटीला शोधायची होती. मी अंक उघडलाच नाही.

पुढं सत्तरच्या दशकात मी नोकरीच्या मुलाखतीसाठी धुळ्याला गेले. एसटी पारोळ्याला बराच वेळ थांबली आणि तेवढ्यात मी ठरवलं की धुळ्यात पोचल्यावर त्यांचं घर शोधायचं. सापडलं. धुळ्याची घरी नव्हती, शिरपूरला शाळेत लागली होती, लहान मुलांना शिकवायला. तिची आई सांगत होती की पोरं आपापल्या डब्याचं झाकण रंगवून आणतात आणि मधल्या सुट्टीत आधी एकमेकांचा डबा ओळखतात, मगच एकमेकांचं खातात. "कोन्हाबी डबा, कोनीबी खास," म्हणाली, आणि पदरानं डोळे पुसले.

ती आत गेली आणि ताटली घेऊन आली. गुडीशेव. मी तुकडा उचलला, तर तिनं माझा हात धरून मला थांबवलं आणि दुसरी एक पुडी माझ्या पिशवीत नीट ठेवली.

"हाई तुन्ही मायले दे," म्हणाली. "आन् तिले सांगजो, आते पाक बराबर शे."